घरांतील यंत्रें : मोटारीच्या दिव्यांची परतीची वाट

यंत्र बिघडलें म्हणजे घरांत दोन मतें लागलीच तयार होतात. एक, तें जुनें झालें, टाकून द्यावें. दुसरें, त्यांतली सर्वांत महाग वस्तु बदलावी म्हणजे तें पूर्ववत् चालूं लागेल. या दोन्ही मतांची सोय एवढीच कीं, बिघाड नेमका कोठें आहे हें शोधण्याचे कष्ट वांचतात. गेल्या कार्तिकांत आमच्या घरच्या जुन्या मोटारीवरून हीं दोन्ही मतें ओळीनें येऊन गेलीं. एका मतापायीं घरचे पैसे गेले, आणि दुसऱ्या मतापायीं गाडीच जावयाची होती. त्या प्रकारांतून जें शिकावयास मिळालें तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवतों.

जुनी मोटार म्हटली म्हणजे ती एखाद्या संस्थानिकाच्याच दाराशीं असावयाची असें नव्हे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेल्या फियाट व पद्मिनी गाड्यांनीं मुंबईच्या दोन-तीन पिढ्या वाहिल्या. काळ्यापिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. उत्तरपाड्याच्या अँबॅसिडरचें उत्पादन तर २०१४ सालींच थांबलें होतें. तरीहि एकत्र कुटुंबांच्या अंगणांत अशी एखादी गाडी अजून उभी दिसते. तिच्यांतून कोणी प्रसूतीस गेलेली असते, कोणाची वरात आलेली असते. म्हणून ती विकण्याची गोष्ट कोणी सहसा काढीत नाहीं.

आमचें जुनें घर सासवण्यास, म्हणजे मांडव्याच्या बंदरापासून जवळच. शिल्पकार कर्मारकरांचें शिल्पालय ज्या गांवांत आहे तेंच हें सासवणें. पूर्वीं मुंबईहून येथें मोटार आणावयाची म्हणजे पनवेल, पेण, वडखळ असा सुमारें शंभर किलोमीटरांचा फेरा पडे. मार्च २०२० मध्यें भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहणारी रो-रो बोट सुरू झाली, आणि सुमारें तासाभरांत गाडीसकट पलीकडे उतरतां येऊं लागलें. तेव्हांपासून आमच्या गाडीच्या खेपा वाढल्या आणि तिला खारा वारा वरचेवर लागूं लागला.

त्या संध्याकाळीं आम्ही पांचजण होतों. ज्येष्ठ बंधु, ज्यांना घरांत सर्वच दादा म्हणतात, ते गाडी चालवीत होते. त्यांच्या शेजारीं माईआत्या, वय वर्षें ८४. मागें वहिनी, धाकटी पुतणी आणि मी. बोटींतून उतरलों तेव्हां दिवस मावळला होता. दिवे लावले, ते लागले, परंतु उजेड पिवळट आणि थकलेला. बंदरावर सर्वत्र लख्ख प्रकाश असल्यामुळें तें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. सासवण्याच्या वाटेस लागल्यावर दोन्ही अंगांस नारळीच्या वाड्या आल्या, अंधार दाटला, आणि समोरचा रस्ता दहा-बारा पावलांपलीकडे दिसेनासा झाला.

एका वळणावर सायकलवरून येणारे एक वृद्ध गृहस्थ अकस्मात् पुढें उभे राहिले. 'अकस्मात्' हा शब्द आमच्या बाजूचा. ते बिचारे आपल्या बाजूनें, आपल्या वाटेनें, सावकाश येत होते. आम्हांला ते दिसले नाहींत इतकेंच. दादांनीं करकचून ब्रेक दाबला. सायकलच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. त्या गृहस्थांनीं वांकून आमच्या दिव्यांकडे पाहिलें आणि ते म्हणाले, "शेट, बत्ती नीट करून घ्या. लांबून गाडी येते असं वाटतच नाय."

घरीं पोंचेपर्यंत कोणी बोललें नाहीं. जेवणें झाल्यावर माईआत्या दादांस म्हणाली, "अरे, गाडी तुझ्या वडिलांची आहे हें मला ठाऊक आहे, पहिल्या दिवशीं मीच तिला ओवाळलें. पण आज तो माणूस खालीं सांपडला असता, तर त्याच्या घरीं जाऊन आपण हें सांगणार होतों का? दिवे नीट व्हावयाचे नसतील तर ही गाडी दाराशीं नको."

यावर उत्तर नव्हतें. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत ११ मीटर पुढें जाते. माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तो एक सेकंद सहज जातो. त्यापुढें जुन्या ब्रेकांनीं ती थांबावयास निदान तितकेंच अंतर आणखी लागतें. दिवा जर दहा-पंधरा मीटरच दाखवीत असेल, तर चालविणारा कितीहि सावध असला तरी त्याचें सावधपण उशिरा पोंचतें. दादांनीं दुसऱ्या दिवशीं गाडीस गिऱ्हाईक पाहावयाचें ठरविलें. मीं चार दिवसांची मुदत मागून घेतली.

खरें म्हणजे दिवे मंद झाल्याची तक्रार दोन महिने चालली होती. मुंबईस एका गॅरेजांत गाडी दाखविली. त्यांनीं नवी बॅटरी बसविली. आठ दिवस बरें वाटलें. मग पुन्हां तेंच. नंतर दोन्ही बल्ब बदलले. फरक पडला नाहीं. "दुखणें हल्याला आणि डाग पखालीला" म्हणतात तसें झालें. पुतणी महाविद्यालयांत शिकते, तिनें सुचविलें, "काका, आपण एलईडी बसवून टाकूं, त्याला वीजहि कमी लागते." पण ज्या गाडीचा आरसा बारीक तारेच्या दिव्यासाठीं घडविलेला आहे, त्यांत दुसऱ्या जातीचा दिवा बसविला म्हणजे प्रकाशाचा केंद्रबिंदु सरकतो. उजेड रस्त्यावर पडण्याऐवजीं समोरून येणाराच्या डोळ्यांत जातो. शिवाय मूळ बिघाड झांकला जातो, बरा होत नाहीं.

आतां हा बिघाड समजण्यासाठीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. घरांतल्या विजेस दोन तारा असतात; एकीनें प्रवाह दिव्याकडे जातो, दुसरीनें परत येतो. मोटारींत बहुधा एकच तार दिसते. परतीची तार म्हणजे गाडीचें सगळें लोखंडी शरीर. बॅटरीचें एक टोक जाड पट्ट्यानें सांगाड्यास बांधलेलें असतें, आणि प्रत्येक दिव्याची दुसरी बाजू कोठें तरी जवळच पत्र्यास जोडलेली असते. मिस्त्री लोक यास 'अर्थ' किंवा 'बॉडी' म्हणतात. जाणारी तार डोळ्यांस दिसते, म्हणून बिघाड झाला कीं सर्वजण तीच तपासतात. परतीची वाट दिसत नाहीं, आणि जुन्या गाडींत बहुतेक वेळां ओढ तेथेंच असते.

दुसरी गोष्ट आंकड्यांची आहे, पण सोपी आहे. मोटारीचा जुना पुढचा दिवा ४५ वॅटांचा धरला, तर १२ व्होल्टांवर त्यास पावणेचार अँपियर प्रवाह लागतो. दोघांस मिळून साडेसात. तोच ४५ वॅटांचा दिवा घरच्या २३० व्होल्टांवर असता तर त्यास अँपियरचा एक-पंचमांश पुरला असता. म्हणजे तितक्याच उजेडासाठीं मोटारीच्या तारांतून जवळजवळ एकोणीसपट प्रवाह न्यावा लागतो. त्यामुळें घरांत जो सांधा थोडा सैल किंवा गंजलेला असूनहि खपून जातो, तो मोटारींत खपत नाहीं. दोन्ही दिव्यांच्या सामाईक वाटेंत केवळ अर्धा ओहम रोध शिरला, तर दिव्यांस १२ ऐवजीं सुमारें ९ व्होल्ट मिळतात. आणि उजेड दाबाच्या प्रमाणांत कमी होत नाहीं, त्याहून पुष्कळ अधिक कमी होतो. दाब दहा टक्के घटला तर उजेड सुमारें तीस टक्के घटतो; दाब चौथाईनें घटला तर उजेड निम्म्याहूनहि खालीं, दोन-पंचमांशाच्या आंत येतो. आमच्या गाडीचा समईसारखा प्रकाश हा याच हिशेबाचा परिणाम होता.

मोटारींस प्रथम कार्बाइडचे दिवे असत. १९१२ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र बसविण्यांत आले, व हळूहळू सर्वत्र तीच पद्धत रूढ झाली. कार्बाइडच्या दिव्यांत पाणी संपलें किंवा नळी तुंबली तर तें उघडून पाहतां येई. विजेचा बिघाड मात्र पाहून कळत नाहीं. तो मोजावा लागतो. मोजण्याचें साधन महाग नाहीं. साधा मल्टिमीटर घरीं असावा. तो पुतणीच्या हातीं दिला, दादांस दिवे लावून बसविलें, आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बोनेटपाशीं उभा राहिलों.

प्रथम बॅटरी. दिवे बंद असतां तिच्या दोन टोकांमध्यें १२.५ व्होल्ट भरले. पुरती भरलेली बॅटरी विसांवली असतां १२.६ च्या आसपास दाखविते. तेव्हां बॅटरी निर्दोष होती. दिवे लावल्यावर ती १२.२ वर उतरली, हेंहि ठीक. म्हणजे पहिल्या फेरींतच सिद्ध झालें कीं नव्या बॅटरीचा खर्च व्यर्थ गेला होता. ती बसवितांना टोकें घासून स्वच्छ केलीं गेलीं, आणि आठ दिवस जें बरें वाटलें तें बहुधा त्या घासण्यामुळें.

मग दिवा लागलेला असतांनाच त्याच्या पाठीशीं दाब मोजला. तेथें ९ व्होल्ट! वाटेंत ३.२ व्होल्ट कोणीतरी खात होतें. तें कोण, हें ठरविण्यासाठीं मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकावर व दुसरी दिव्याच्या येणाऱ्या तारेवर ठेविली. तोटा ०.४ व्होल्ट; इतक्या जुन्या तारांस तो क्षम्य आहे. नंतर एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी दिव्याच्या परतीच्या तारेवर ठेविली. तेथें २.८ व्होल्ट दिसले. हा तोटा ०.२ च्या वर असूं नये. चोर घरच्याच परसदारीं सांपडला.

खात्रीसाठीं आणखी एक प्रयोग केला. पुतणीनें बॅटरीच्या ऋण टोकापासून दिव्याच्या परतीच्या तारेपर्यंत एक जाड तार नुसती टेकवून धरली. दोन्ही दिवे एकदम पांढरे स्वच्छ पेटले. "दादा, बघा!" म्हणून ती ओरडली. दादा बापाच्या जागीं असूनहि तिच्या तोंडीं घरचेंच नांव बसलेलें आहे. ते खालीं उतरले आणि भिंतीवर पडलेला तो उजेड बराच वेळ पाहत राहिले.

येथें एक सावधगिरी सांगतों. ही तपासणी दिवा लागलेला असतांनाच करावी. दिवा विझवून मीटरनें नुसता रोध मोजला, तर तारेच्या पेडांतला एकच केस शाबूत असला तरी मीटर 'सर्व ठीक' असें सांगतो. त्या एका केसावरून मीटरपुरता प्रवाह जातो. साडेसात अँपियर जात नाहीं.

दोन्ही दिव्यांच्या परतीच्या तारा पुढच्या जाळीमागें एकाच बोल्टाखालीं एकत्र आल्या होत्या. तो बोल्ट काढल्याबरोबर सगळा उलगडा झाला. गेल्या वर्षीं घरांत लग्न होतें, तेव्हां गाडी रंगवून घेतली होती. त्या वेळीं बोल्ट सोडवून पत्रा रंगविला गेला, आणि रंग वाळल्यावर बोल्ट रंगावरच पुन्हां आंवळला गेला. रंगांतून वीज जात नाहीं. बोल्टाच्या आट्यांतून जो कांहीं प्रवाह परतत होता, त्यावर दिव्यांचा गुजारा चालला होता. पुढें त्या आट्यांत खारा वारा शिरला आणि तीहि वाट अरुंद होत गेली. ज्या रंगानें गाडी मांडवापुढें शोभली, त्याच रंगानें तिचे डोळे झांकले होते!

समुद्रकांठीं हा प्रकार लवकर कां होतो तेंहि पाहूं. मीठ हवेंतला ओलावा ओढून घेतें. सांध्यावर मिठाच्या पाण्याचा पातळ लेप बसतो. तारेच्या टोकाचें तांबें आणि पत्र्याचें लोखंड हे दोन भिन्न धातु त्या पाण्यांत एकमेकांस चिकटलेले असले म्हणजे तेथें एक इवलीशी बॅटरीच तयार होते. व्होल्टानें १८०० सालीं विजेची पहिली रास रचली तीहि भिन्न धातूंच्या चकत्यांमध्यें मिठाच्या पाण्यांत भिजविलेल्या घड्या घालूनच. फरक इतकाच कीं, आमच्या या अनाहूत बॅटरींत लोखंड झिजत जातें आणि त्याचा गंज वाटेंत बसतो. यासाठीं मांडवा, किहीम, अलिबाग अशा ठिकाणीं गाडी ठेवणारांनीं वर्षांतून एकदां, पावसाळा संपल्यावर, सर्व अर्थ-सांधे उघडून पाहावे. बोटीनें आलेल्या गाडीस घरीं आल्यावर गोड्या पाण्याचा हात द्यावा. तिचें खालचें अंग विसरूं नये.

दुरुस्ती अशी केली. आधीं बॅटरीची सांगाड्याकडची केबल सोडविली, म्हणजे पाना चुकून कोठें टेकला तरी ठिणगी पडत नाहीं. आपल्या बहुतेक गाड्यांत सांगाड्याकडे ऋण टोक असतें. परंतु कांहीं जुन्या इंग्रजी गाड्यांत धन टोक सांगाड्यास जोडलेलें असतें, म्हणून आपल्या गाडींत कसें आहे तें अगोदर पाहून घ्यावें. बोल्टाभोंवतींचा रंग व गंज पॉलिश पेपरनें घासून चकचकीत पत्रा वर आणला. तारेचें टोक कापून नवें थिंबल बसविलें. दातेरी वायसर घालून बोल्ट घट्ट आंवळला, आणि सर्व झाल्यावर वरून व्हॅसलीनचा लेप दिला. लेप आधीं लावूं नये. तो सांध्याचें छत्र आहे, अंथरूण नव्हे. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलें असतें, म्हणून इंजिन व सांगाडा यांस जोडणारा पट्टाहि तसाच साफ केला.

पुन्हां मोजलें. परतीच्या वाटेंतला तोटा २.८ वरून ०.१ वर आला. दिव्यास ११.७ व्होल्ट मिळूं लागले. खर्च म्हणाल तर पॉलिश पेपर, दोन वायसर, एक थिंबल आणि एक दुपार.

वाचकांच्या गाडींत बिघाड दुसरा असूं शकेल. त्यासाठीं कांहीं खुणा थोडक्यांत देतों. दोन्ही दिवे सारखेच मंद असतील तर दोष सामाईक वाटेंत शोधावा. एकच मंद असेल तर त्याच्या स्वतःच्या अर्थांत किंवा काळवंडलेल्या आरशांत. इंडिकेटर लावला असतां मागचा दुसराच दिवा लुकलुकूं लागला, तर तो हमखास अर्थाचा दोष समजावा; आपली वाट बंद झालेला प्रवाह शेजारच्या दिव्यांतून परत जाऊं पाहतो. एका बाजूच्या इंडिकेटरची लय बदलली तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे काय तें पाहावें. खड्ड्यांत दिवे मिणमिणत असतील तर होल्डर किंवा फ्यूजची पकड सैल असते. फ्यूज शाबूत दिसला तरी त्याच्या टोकांवर हिरवट कीट चढलेलें असतें. डायनमो असलेल्या गाडीचे दिवे इंजिन मंद असतां थोडे उतरतात आणि वेगाबरोबर उजळतात, हा तिचा स्वभाव आहे, रोग नव्हे. पण वेगाबरोबर ते फारच प्रखर होऊन बल्ब वरचेवर जळत असतील, तर व्होल्टेज रेग्युलेटर तपासून घ्यावा.

एक गोष्ट मात्र कधींहि करूं नये. फ्यूज पुन्हां पुन्हां उडतो म्हणून त्याच्या जागीं चॉकलेटची चांदी किंवा तांब्याची तार बसविणारे महाभाग पुष्कळ आहेत. फ्यूज उडतो याचा अर्थ कोठें तरी तारेचें आवरण झिजून ती पत्र्यास लागली आहे. फ्यूज तेथें जळून गाडी वांचवितो. त्याची वाट मोकळी केली म्हणजे त्याच्याऐवजीं तारांचा सगळा जुडगा जळतो, आणि पेट्रोल तेथून लांब नसतें. तसेंच जुन्या बटणावरून ६० वॅटांचे हॅलोजन बल्ब चालवूं नयेत. अधिक उजेड हवाच असेल तर रिले बसवून घ्यावा. मग भार रिले उचलतो आणि बटणास फक्त हुकूम द्यावयाचा राहतो.

चौथ्या दिवशीं रात्रीं आम्ही त्याच वळणावर पुन्हां गेलों. माईआत्येनें येण्याचा हट्ट धरला होता. वळणापूर्वीं दादांनीं गाडी उभी केली आणि मला पुढें चालत जावयास सांगितलें. मी पावलें मोजीत गेलों. साठ पावलांवर वळून पाहिलें, तों माझी सावली मागच्या नारळीवर पडलेली होती, आणि गाडींतून माईआत्येचा आवाज आला, "दिसतोस रे! चष्म्याशिवायसुद्धां दिसतोस!"

परत येतांना ती म्हणाली, "गाडी राहूं दे. पण दर महिन्याच्या एकादशीस मोज, आणि आंकडा मला सांग."

त्याप्रमाणें देवघराच्या दारामागें एक वही टांगली आहे. पुतणी मोजते, दादा दिवे लावतात, आणि मी लिहितों. गेल्या एकादशीस तोटा ०.१ होता.

पुढील अंकीं विहिरीवरील विजेच्या पंपाविषयीं.